माप न घेता बसलेला कोट

— अहो, हलू नका म्हटलं ना, कानातला केस कापतेय, कान नाही! टीव्हीवाले अकराला येणार आणि साडेदहा झालेत — तुमच्या दुकानातल्या कुठल्या घड्याळावर विश्वास ठेवायचा देव जाणे, पण माझ्या मोबाइलवर साडेदहा झालेत. आणि हा शर्ट आधी काढा. बारीक रेघा पडद्यावर मुंग्या धावल्यासारख्या वळवळतात, माझी भाची सांगत होती, ती कॅमेऱ्याच्याच धंद्यात आहे. पांढराही नको, उजेड फेकतो. हा निळा घाला. घ्या, मी पाठ फिरवते — बघत नाहीये हो! समोर आरसा आहे त्याला मी काय करू?

कपाळ बघू. अगंबाई, ह्यात माझं तोंड दिसतंय! पावडर लावावीच लागणार. लाजताय काय, भले भले पुढारी लावतात. डोळे मिटा... शिंकू नका... शिंकलात! आता पुन्हा पहिल्यापासून.

‘मी नाही बसणार कॅमेऱ्यासमोर’ — हे परत काढू नका. चाळीस वर्षं बंद घड्याळं चालती करणारा माणूस पाच मिनिटं बोलायला घाबरतो? लोकांना कळू दे की घड्याळ दुरुस्त करणारं अजून कुणीतरी आहे. गिऱ्हाईक आलं की दुकान चालेल, दुकान चाललं की बहिणीकडे कायमचं राहायला जायचं कारणच — म्हणजे, आपलं कानावर आलं. तुम्ही फोनवर बोलत होता. तुमच्या-माझ्या खोलीमधली भिंत पातळ, मी काय करू? मुद्दाम कशाला ऐकेन? भांडी घासत होते, भांडी संपली, म्हणून जरा भिंतीला टेकले, एवढंच.

हं, आता कोट. आमचे गेले त्याला सात वर्षं झाली, तेव्हापासून पेटीत पडला होता. चढवा — बघा! खांद्याला बरोबर, बाहीला बरोबर! ते उंच होते, दोन दुपारी बसून बाह्या चार बोटं कमी केल्या. माप? माप कशाला घ्यायला हवं? रोज सकाळी शटर वर करताना तुमचा हात वर जातो, तेव्हा दिसतंच की, मनगट कुठं आणि बाही कुठं. सगळ्या गल्लीला दिसतं. गल्ली बघत नाही, ही गोष्ट वेगळी.

चॅनेलला कुणी कळवलं ते मला काय विचारता? मी कशी — काय? त्यांनी पत्र दाखवलं तुम्हाला? माझं अक्षर कुठं पाहिलंत तुम्ही? ... घड्याळासोबत देते त्या चिठ्ठ्या जपून ठेवल्यात? बरं बाबा, मीच लिहिलं. तीन कागद फाडले तेव्हा चौथा जमला. झालं समाधान?

आता ते माझं घड्याळ कशाला खाली काढलंत? हो, बंद पडतं सारखं, वर्षात नवव्यांदा आणलं, माझं नशीबच तसलं... काय म्हणालात? सेल उलटा घातलेला? नऊही वेळा? आता मला मेलीला काय कळतं त्यातलं, डोळ्यांनी अधू मी — अहो, पण थांबा. मग तुम्ही दरवेळी चार-चार दिवस ठेवून का घ्यायचात? एक सेल सुलटा करायला चार दिवस? आणि वर स्वतः दारात आणून देत होता! ‘आता बरं आहे, पण लक्ष ठेवावं लागेल’ म्हणायचात! बोला की आता!

हसू नका, पावडरला भेगा पडतात.

काय? मी? गिऱ्हाईक म्हणून, तुमच्या शेजारी, कॅमेऱ्यात? नाहीतर तुम्हीही बसणार नाही? ही तर जबरदस्ती झाली! आणि ह्या भांडी घासायच्या गाऊनमध्ये? नाक खुपसणाऱ्या शेजारणी काय म्हणतील — नाक खुपसणारी तर मीच एक आहे म्हणा. आणि बिघाड काय सांगू घड्याळाचा? खरा तोच? ...

गाडी थांबली वाटतं बाहेर. जा, थोपवा त्यांना, घड्याळं दाखवा, काहीही दाखवा! बघत काय उभे राहिलात? जा म्हणते ना — आणि ती पावडर ठेवून जा इथं.