नलूकाकूंची हिरवी बाटली

नमस्कार. मंडपात बसलेल्या माझ्या बायांनो, आणि मागे चपलांपाशी घुटमळणाऱ्या पुरुष मंडळींनो, पुढे या. जागा आहे. नलूकाकू असत्या तर त्यांनी एव्हाना तुम्हाला दंडाला धरून बसवलं असतं.

मला बोलता येत नाही. म्हणजे एरवी येतं, कुंपणावरून तर फारच येतं. पण समोर काकूंचा फोटो आणि हातात माईक, असं कधी झालं नव्हतं. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

मी वंदना. काकूंच्या वाडीला लागून आमचं घर. त्यांच्या कॉटेजवर उतरणाऱ्या पाहुण्यांना सकाळचे घावणे मी करून देते. आधीच्या मंडळींनी काकूंच्या नारळ-सुपारीबद्दल सांगितलं. काका गेल्यावर एकटीनं उभ्या केलेल्या कॉटेजबद्दल सांगितलं. सगळं खरं आहे. मी काकूंच्या वासाबद्दल बोलणार आहे.

हसा, हसा. काकू गल्लीत शिरायच्या आधी त्यांचा वास शिरायचा, हे नागावात कुणाला ठाऊक नाही? आमची मासळीवाली म्हणायची, "काकू, तू जरा लांब उभी ऱ्हा. तुझ्या वासात माझी पापलेटं ताजी का शिळी, माझं मलाच कलत न्हाय!"

तर ती बाटली. पुण्याच्या एक मॅडम खोलीत विसरून गेल्या होत्या. हिरवी काच, वर फवारा. काकूंना वाटलं, डासांचं औषध. आता आपल्याकडे पाहुणा मागे काय विसरतो? ओला टॉवेल नाहीतर डासांचं औषध. काकूंनी पलंगाखाली फवारलं, पडद्यामागे फवारलं, न्हाणीघरातसुद्धा फवारलं. डास एक मेला नाही. संध्याकाळी नवे पाहुणे आले, ते उंबऱ्यातच थबकले. "आजी, इतका छान वास कसला?" काकू धावत माझ्याकडे आल्या. "वंदे, मी सेंटानं डास मारीत व्हते गो!"

त्यांनी मॅडमना फोन केला. मॅडम पोट धरून हसल्या, म्हणाल्या, ठेवा तुम्हालाच. पुढे दर वेळी येताना त्या नवी बाटली आणायच्या. त्यांनीच आम्हाला सांगितलं की या जातीच्या सुगंधाला शिप्र म्हणतात, आणि आपला हा हिरवा शिप्र, खास बायकांसाठी केलेला. यात फुलं मागे, पाला पुढे, आणि तळाला झाडाच्या खोडावरचं शेवाळ. काकू म्हणाल्या, "शेवालाला विलायतेला कशाला जायाला पायजे? माझी इहीर भरलीय त्यानं."

पहिल्यांदा त्यांनी माझ्या मनगटावर मारलं तेव्हा मी तोंड वाकडं केलं. कडू! अळूचा देठ मोडावा, कैरीचा चीक बोटाला लागावा, वर लिंबाची साल पिळावी, तसा. मी म्हटलं, "शी, काकू, हा काय बाईचा वास? बाईला मोगरा, बाईला गुलाब."

काकू म्हणाल्या, "थांब जरा. लगेच बोलू नको."

मी थांबले. घावण्याचं पीठ कालवलं, बिडाचा तवा तापत ठेवला. मग म्हणाल्या, "आता हुंग."

बायांनो, आता तो वासच वेगळा होता. भर उन्हात विहिरीवर वाकलं की आतून गारवा येतो ना, तो. ओल्या दगडाचा. कुठेतरी मागे एखादं फूल, पण लांब, शेजारच्या वाडीत असावं तितकं. आणि संध्याकाळी पदराला उरला तो सुकलेल्या लाकडाचा नि पाचोळ्याचा, शांत. मी पदर नाकाशी धरून पायरीवर बसून राहिले. माझे मिस्टर जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्या वर्षात मी अंगाला साबणापलीकडे काही लावलं नव्हतं. लावू नको असं मला कुणी म्हटलं नव्हतं. लाव, असंही कुणी म्हटलं नव्हतं. काकूंनी म्हटलं.

आणि मग ती संक्रांत. तुमच्यातल्या पुष्कळजणी होत्या तेव्हा. हाच मंडप, महिला मंडळाचं हळदीकुंकू. आम्ही विधवा बायका नेहमीसारख्या मागच्या पडवीत, तिळाचे लाडू वळत होतो. लाडू आमच्या हातचे चालायचे, बरं का. पुढे हळद झाली, कुंकू झालं, अत्तराची पाळी आली, आणि अत्तरदाणी कोरडी ठाक! आपल्या अध्यक्षा सुशीलाकाकू, म्हणजे नलूकाकूंच्या थोरल्या जाऊबाई, अत्तर भरायलाच विसरल्या होत्या. अशा बघू नका माझ्याकडे, सुशीलाकाकू. झालं होतं.

नलूकाकू मागून उठल्या. "माझ्याकडं हाय." कमरेला खोचलेली बाटली काढून पुढे गेल्या आणि एकेकीच्या हातावर फवारा मारत सुटल्या. पुढच्या सगळ्याजणी झाल्या. मग वळल्या, आमच्याकडे आल्या. "हात काढा गो."

आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. सुशीलाकाकू म्हणाल्या, "अगो नलू, त्यांना कसं…"

नलूकाकू म्हणाल्या, "हलदीला तुमचा नियम हाय. कुकवाला हाय. या बाटलीला कुनी नियम लावलाय? ती तं परवाच गावात आली."

आणि सगळा मंडप हसला. सुशीलाकाकू सगळ्यात मोठ्यानं हसल्या. मी हात पुढे केला.

पुढच्या वर्षी काकू पुढच्या दारातच उभ्या. आत येणाऱ्या प्रत्येक बाईला आधी फवारा, मग हळदीकुंकू, मग वाण. वास लावून आत घेतलेल्या बाईला परत पडवीत धाडणार कोण? आणि ओळखणार तरी कशी? सगळ्या बायांचा वास एकच! घरी गेल्यावर नवरे विचारायचे, "काय गो, गवत कापायला गेली व्हतीस?" तेव्हापासून आम्ही पडवीत बसलो नाही. कुणी ठराव केला नाही, भांडण केलं नाही. काकू फक्त दारात उभ्या राहिल्या.

मागच्या महिन्यात त्या अंथरुणाला लागल्या. त्याआधीच मॅडमचा निरोप आला होता, कंपनीनं हा सुगंध काढणं बंद केलं. ही बघा, ही शेवटची बाटली. तळाला जरासं उरलंय. खरं सांगते, मला भीती वाटली होती. काकूंच्या उशाशी बसून मी विचारलंसुद्धा, "काकू, तुम्ही नसाल, बाटलीही नसेल, मग संक्रांतीला आम्ही परत मागच्या पडवीत का?"

त्यांना धाप लागत होती. तरी डोळे मिचकावून म्हणाल्या, "बाटली संपली तं डासांचं औषध फवार. पन दारात उभी ऱ्हा."

तर मी उभी राहणार आहे. मला येतं का, ठाऊक नाही. काकूंसारखं हसवता येणार नाही. पण उभी राहणार आहे.

आता शेवटचं. शोकसभेत सेंट लावत नाहीत, मला माहीत आहे. असेल तसा नियम. पण हे उरलेलं मी घरी कपाटात ठेवून काय करू? मी खाली येते. पुरेल तितक्याजणींना लावते, बाकीच्यांनी शेजारणीचा हात हुंगा. पुरुष मंडळींनीही हात काढायला हरकत नाही. सुशीलाकाकू, मानाचा पहिला हात तुमचा…

अहो, तुम्ही कशाला उठलात? गुडघे दुखतात तुमचे. बाटली? घ्या ना. काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला, मागे ऐकू जाऊ दे.

"आधी तुझा हात काढ," म्हणतायत.

काढते. हा घ्या.

संपली बाटली. आता सगळ्यांनी उभं राहू या. काकूंसाठी थोडा वेळ गप्प राहू या. पहिल्यांदा कडू लागेल.

थांबा जरा. लगेच बोलू नका.