बुडालेल्या घराची किल्ली

पवनीच्या दवाखान्यात ईसीजीच्या रांगेत दामिनीला डुलकी लागली होती. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं बोलणं तिला पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येत होतं.

“छातीत बसवलेल्या मशीननं काल झटका देल्ला, तवा किती वेळ बेसुद होते तुमी?”

“डॉक्टर म्हणते, दहा सेकंद. ठोके सुसाट सुटले होते म्हणे. मी तं आपल्या जुन्या गावात होतो.”

“धरणात बुडालेल्या?”

“हो. पण पाणी नव्हतं. आंगणात धान वाळत होतं. माय आतून बलावत होती.”

“मंग गेले काहून नाही?”

“दाराले कुलूप होतं. गाव सोडतानी तूच लावलं ना?”

“बुडणाऱ्या घराले कुलूप लावलं म्हून सारे हासले होते मले.”

“किल्ली हाये का अजून?”

“हाये. पण तुमाले देत नाही मी.”