गाडी निघाली आहे, मॅडम

"हॅलो? … हो, परवीनच बोलतो, संत्र्याच्या पॅकिंगवाली. खरेदी मीच पाहतो. … तू कोण? … करिश्मा? कुठली करिश्मा?"

परवीनला सकाळपासून हवे होते खोके, आणि येत होते नुसते फोन. शेंदूरजनाघाटच्या शेडमध्ये तोडलेल्या संत्र्यांचा ढीग लागलेला, संध्याकाळी पाचला ट्रक भरायचा, आणि संत्री भरायला एक खोका जाग्यावर असेल तर शपथ!

"अच्छा, खोकेवाल्यांच्या अकोला ऑफिसातून! अगं मंग सांग ना, आमची गाडी कुठं आहे? … सर्व्हे? कायचा सर्व्हे? … 'माल देणाऱ्यात तुमी काय पाहता?' … आता? बाप्पा! … बरं, इचार. दहापैकी ना?

"गोड बोलणं? दहा. तुमच्या ऑर्डर घेणाऱ्या नितेशभाऊइतकं गोड तं माहा नवरा निकाहच्या दिवशीबी बोलला नाही. … हासू नको, लिही. … भाव? नऊ. त्या भावापायीच मी अमरावतीच्या खुशालरावले सोडलं. … जुना खोकेवाला आमचा. तोंडाचा लय फटकळ. 'उद्या होत नाही, परवा देतो, पटत असन तं घ्या, नाही तं ठेवा फोन.' … हो, अस्साच! अंगाचा तिळपापड होये माह्या. … दिवाळीची भेट? काजूकतली मस्त होती, आठ लिही. खोके तेव्हाबी दोन दिवस लेट. त्या डब्यातच संत्री भरली असती, पण चारच मावत होती.

"काय? … वेळेवर माल? … हे इचारायची हिंमत कशी झाली तुही? सातले नितेशभाऊ म्हणला गाडी निघाली. आठले म्हणे निघालीच आहे. नऊले म्हणे निघून गेली. … अगं ऐक ना, तू ऑफिसातच बसली ना? मंग ऊठ. गेटवरचं रजिस्टर पाह्य, गाडी कुठं गेली ते. … सर्व्हेत नाही बसत? मंग मीबी नाही बसत सर्व्हेत. जा!"

पलीकडे खुर्ची सरकली. परवीनने ओढणीने कपाळ पुसलं. माल सडला तर शेठ तिला धरणार होते, नितेशला नाही. नोकरीच गेली असती बाईची.

"हं, बोल. … जोरात बोल ना. … बाळापूर? अगं, बाळापूर तं अकोल्याच्या त्या अंगाले! इकडं यायले गाडी उलटी काहून पळून राहिली? … माहे खोके दुसऱ्याले दिले? … अन् आमचे? … उद्या. … नीट वाचलं ना? … माफी कायची मागतेस तू? … नाही सांगत कोणाले, अल्लाची कसम. पण पोरी, सकाळपासून खरं बोलणारी तू पहिली. आता कुठं दहा वाजून राहिले, हातात वेळ तं आहे. … थांब, दुसऱ्या लाईनवर तुमचा नितेशच आला. ठेवू नको."

नितेशला ती एवढंच म्हणाली, "बोला भाऊ, गाडी कुठं?" मग तीनदा "वा वा" करून त्याचा फोन कापला.

"हॅलो? आहेस ना? … इथं बाजूले वरुडले पोचली म्हणे! डायव्हर च्या पिऊन राहिला. … हास, हास. मलेबी हासू येऊन राहिलं, अन् रडूबी. … वेळेले शून्य लिही. … शेवटचा प्रश्न? … 'पुढच्या सालचा ठेका आम्हालाच देणार का?' … तुले काय वाटते? … हं, तेच लिही.

"ठेवतो आता. खुशालरावले फोन लावा लागते. … शिव्या देणारच ना! वर्षभरानं आठवण आली म्हणून चांगला सोलून काढणार. ऐकून घेतो. चूक माहीच आहे. … पण तो माणूस 'गाडी निघाली' म्हणला ना, पोरी, की मी शेडचं शटर वर करून ठेवतो."