आठवा लागायच्या आत

(बीडहून पालीकडे जाणारा रस्ता. शोरूमची चाचणीची गाडी. चालवतेय शोरूममधली सायली. तिच्या शेजारी बंकट, जनावरांच्या बाजारातला दलाल. मागच्या सीटवर त्याचा दोस्त गहिनीनाथ, मांडीवर काठोकाठ भरलेली कळशी.)

सायली: काका, ती कळशी खाली तरी ठेवा. सीट भिजली तर मॅनेजर मला विचारतील.

गहिनीनाथ: खाली ठेवली तर खालची परीक्षा होईल. मला मांडीवरची घ्यायचीय. तू चालव.

सायली: वर्ष झालं मी गाड्या विकतेय. कुणी मायलेज विचारतं, कुणी गाणी लावून बघतं. कळशी घेऊन कुणी आलं नव्हतं.

बंकट: सकाळधरनं ही तिसरी गाडी हाय, पोरी. पहिल्या दुकानातल्या पोरानं असा ब्रेक मारला, अर्धी कळशी माझ्या मानंवर.

गहिनीनाथ: आन् दुसरीत?

बंकट: दुसरीत तुझ्या धोतरावर. पंपावरची माणसं कशी बघायलती तुझ्याकडं.

सायली: पुढं गतिरोधक आहे. घट्ट धरा.

गहिनीनाथ: धरायची न्हाई. तू रोज जशी जातीस तशी जा.

बंकट: गेला का?

सायली: गेला.

गहिनीनाथ: सांडलं. पण चूळभरच.

बंकट: चूळभर? तांब्याभर हाय. आन् गाडीची पाठ आखूड हाय, चाकं बारीक हायत, आवाज तर—

गहिनीनाथ: बंकट, आत्ताच खोड काढू नगंस. पोरगी चालवायलीय. खोड किमतीच्या वख्ताला काढायची.

बंकट: सवय हाय बे. तीस वर्सं तेच करायलोय.

सायली: काका, एक विचारू? ही कळशी कशासाठी?

गहिनीनाथ: माझ्या लेकीसाठी. ज्या गाडीत पाणी सांडत न्हाई, तिच्यात पोटुशीला हिसका बसत न्हाई. मोहिनी. अंबाजोगाईला दिलीय. पहिलटकरीण हाय, सातवा सरत आलाय. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आमच्या नेकनूरला. पण व्याही आडवा आला.

सायली: काय म्हणाले?

गहिनीनाथ: अमरसिंह माणूस वाईट न्हाई. म्हणला, कौशल्याबाई असत्या तर कालच पाठवली असती. आता तुमच्या घरात बाई न्हाई. इथं दवाखाना चार पावलांवर, तिथनं बीड गाठायचं. पोरीला काय फटफटीवर नेणार का? दारात गाडी उभी करा, मी स्वतः सून आणून सोडतो.

बंकट: आन् आठव्यात पोरीला हलवत न्हाईत. शुक्रवारी आठवा लागतोय. आज मंगळवार.

सायली: म्हणजे गुरुवारपर्यंत गाडी दारात नसली तर—

गहिनीनाथ: तर ती तिथंच ऱ्हाईल. फोनवर नुसतं "बरं, आबा" म्हणली. मोहिनी वाद न घालता बरं म्हणली म्हणजे फोन ठेवून रडली असंल.

सायली: बजेट किती धरलंय?

गहिनीनाथ: शेळ्यांचे आलेत, एका म्हशीचे आलेत, दोन वर्सांचं सोयाबीन हाय. कर्ज काढायचं न्हाई. त्यात बसंल ती लहान गाडी.

बंकट: मी म्हणलो मोठी घे. पुढाऱ्याची असती तशी, उंच, पांढरी. चौकातनं निघाली की माणसं बाजूला व्हतेत.

गहिनीनाथ: माणसं बाजूला व्हतील. पेट्रोल टाकायच्या वख्ताला तूबी बाजूला व्हशील.

सायली: मग हीच सीएनजीवाली घ्या. किलोला तीसच्या आसपास जाते. खिशाला सगळ्यात हलकी.

बंकट: टाकी कुठं असती तिची?

सायली: डिकीत.

बंकट: ऐक. मग पाळणा काय टपावर बांधायचा?

गहिनीनाथ: गॅसला रांग किती असती?

सायली: खोटं नाही सांगत. कधी पंधरा मिनिटं, कधी तास.

गहिनीनाथ: कळा काय रांगेत थांबत्यात व्हय. पेट्रोलचीच बघू. ती किती जाती?

सायली: पाय हलका ठेवला तर बावीस.

बंकट: आन् जड ठेवला तर?

सायली: अठरा.

बंकट: गहिन्या, हिच्याकडनं घेऊ नगंस. लई इमानदार हाय. असल्या माणसासंग घासाघीस करायला मजा न्हाई.

सायली: बरं, गाडी चालवणार कोण? मघाशी मी लायसन मागितलं तर तुम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलात.

गहिनीनाथ: बंकट चालवणार.

बंकट: मी कावून? तू चालवणार न्हाईस का?

गहिनीनाथ: मला कुठं येती? तीस वर्सं तू टेम्पोत हिंडतोस.

बंकट: बसून हिंडतो. चालवतो ड्रायव्हर. त्याला झोप लागू न्हाई म्हणून मी बोलत असतो.

गहिनीनाथ: परवा पारावर सांगत व्हतास, मांजरसुंब्याच्या घाटात भरला टेम्पो मी एकट्यानं काढला.

बंकट: धक्का मारून काढला बे. आन् तू नव्हतास का म्हणला, माझ्याकडं लायसन हाय?

गहिनीनाथ: फटफटीचं.

सायली: थांबा, मी गाडी कडेला घेते. मला हसू आवरत नाही आणि समोरून उसाचा ट्रॅक्टर येतोय.

बंकट: हसायचं काय त्यात? गहिन्या, व्याही काय म्हणला? दारात गाडी उभी करा. चालवा म्हणला का? उभी करायची, वर ताडपत्री टाकायची. शब्द पुरा झाला.

गहिनीनाथ: मलाबी आत्ता तेच सुचलंतं.

बंकट: मग झालं की.

गहिनीनाथ: आन् पोरीला कळा लागल्यावर? ताडपत्री काढून बैल जुंपू का गाडीला?

बंकट: ड्रायव्हर सांगून ठेव.

गहिनीनाथ: लगीनसराईत ड्रायव्हर फोन उचलतो का? त्याच्या भरवशावर मी पोरगी आणणार न्हाई. पोरी, मी शिकलो तर येईल का?

सायली: वय किती तुमचं?

गहिनीनाथ: एकसष्ट.

सायली: येईल. आजच लर्निंग लायसनचा अर्ज टाका. शेजारी लायसनवाला बसवून शिकायचं. पक्कं लायसन महिन्यानं.

गहिनीनाथ: आठवा आन् नववा. दोन महिने हायत.

सायली: पण मग ही नको. ही क्लचची आहे, तुमचा गोंधळ उडेल. हिच्यातच बिनक्लचची येते. डावा पाय रिकामा. मायलेज तेवढंच. फक्त किंमत वर जाते.

गहिनीनाथ: माझ्या आकड्याच्या वर?

सायली: हो, काका.

बंकट: आता माझा वख्त आला. गहिन्या, खांद्यावरची दस्ती दे इकडं.

सायली: दस्ती कशाला? मॅनेजरनी किती सूट द्यायला सांगितलीय ते मी सांगते ना.

बंकट: किंमत तोंडानं सांगायची नसती. आमच्या बाजारात दस्तीखाली हात धरायचा आन् बोटं दाबून बोलायचं. शेजारच्याला कळता कामा न्हाई. पण तुझा हात मी कसा धरू? माणसं काय म्हणतील?

सायली: तुम्ही नकोच. गहिनीकाका, तुम्ही पुढं या. कळशी राहू द्या मागं. माझा आजा पालीचा, सटवा धनगर. मेंढरं विकायला जायचा तवा मला संगं न्यायचा. बोटं मला कळत्यात.

बंकट: सटवा? त्यानं मला आंधळी मेंढी विकलीती.

सायली: तुमी दलाल हाव ना? डोळं बघून घ्यायचं.

गहिनीनाथ: बंकट, उतर खाली. जागा दे. हां. तू मला मोहिनीवानी हायस, पोरी. दे हात.

सायली: हे घ्या. एवढं.

गहिनीनाथ: न्हाई. हे धर.

सायली: एवढ्यात चाकं सोडून बाकीची गाडी येईल.

गहिनीनाथ: बरं. हे?

सायली: हे शेवटचं, काका. ह्याच्या खाली गेले तर उद्यापासनं मी मेंढरं राखीन.

बंकट: किती झालं? काय दाबलं तिनं?

गहिनीनाथ: तुला कावून सांगू?

बंकट: अरे, दलाल मी हाय.

गहिनीनाथ: म्हणून तर.

सायली: बसतंय का?

गहिनीनाथ: थोडं कमी पडतंय. फटफटी विकतो.

बंकट: फटफटी नगं विकूस गहिन्या. वैनीला घेऊन हिंडलास तिच्यावर.

गहिनीनाथ: हिंडलो की. तीस वर्सं तिला मागं बसवून बाजार केला. आता मागं पिशवी बांधतो, तर ती एका बाजूला कलती. जाऊ दे ती.

बंकट: बघ बाबा.

सायली: काका, पांढरी तयार उभी आहे. कागदपत्रं आज दिली तर गुरुवारी मीच नेकनूरला आणून तुमच्या दारात लावते.

बंकट: आन् व्याह्यानं विचारलं, चालवणार कोण, तर?

गहिनीनाथ: खरं सांगंन. शिकायलोय म्हणंन. दोन महिने फोन करून करून बेजार करंल, करू दे. पोरगी तर माझ्या घरी असंल.

सायली: आमच्या शोरूमच्या मागं मैदान आहे. रोज सकाळी सातला या. शोरूम उघडायच्या आत मी तासभर बसत जाईन शेजारी.

बंकट: तू कावून? तुझा काय फायदा त्यात?

सायली: आंधळ्या मेंढीचं फेडते, समजा.

बंकट: ते माझं फेड ना. ह्याचं काय फेडतीस?

सायली: काका, घाबरू नका. पंधरा दिवसांत हात बसेल. दोन महिन्यांत तुम्ही पोरीला झोपेत नेल्यासारखं दवाखान्यात न्याल.

गहिनीनाथ: गाडीचं काही न्हाई, पोरी. ती येईल. डिंकाच्या लाडवाला गुळाचा पाक किती धरायचा, ते कोण शिकवतंय का बघ.