ह्याच आठवड्यातले तिन्ही बुधवार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले मोठे डॉक्टरसाहेब. व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे. सत्कारमूर्ती, आम्हा सगळ्यांच्या सिस्टरबाई. आणि समोर बसलेल्या माझ्या संधिवाताच्या भावाबहिणींनो,

सर्वप्रथम तुमच्या विसराळूपणाला माझा नमस्कार. सांधेदुखीच्या विभागाचा कार्यक्रम, आणि सभागृह घेतलंत दुसऱ्या मजल्यावर! त्यात लिफ्ट बंद. इतकी वर्षं आमचे गुडघे तपासलेत आणि ऐन वेळी गुडघेच विसरलात? जे पेशंट जिना चढून आलेत, ते बरे झाले असं समजून डॉक्टरसाहेबांनी त्यांची नावं वहीतून कमी करावीत.

मला अक्षरओळख नाही. म्हणून हे भाषण मी काल फोनवरून सांगितलं, नोंदणीच्या खिडकीतल्या ताईंनी लिहून घेतलं, आणि त्याच ते वाचताहेत. ताई, मधलं काही गाळू नका. मी नंतर विचारणार आहे.

सिस्टरबाईंच्या सेवेबद्दल बाकीचे वक्ते बोलतीलच. मला एक गोष्ट सांगायची आहे आणि एक लबाडी कबूल करायची आहे.

पाहुण्यांना आमचा आजार ठाऊक नसेल. माणसाच्या अंगात रोगाशी लढणारी एक फौज असते म्हणे. माझी फौज खुळी. शत्रू सोडून माझ्याच सांध्यांवर चालून येते. तिला आवरायला आठवड्यातून एकदा एक पिवळी गोळी घ्यायची. एकदाच. माझा वार बुधवार, कारण बुधवारीच आमची इथे तपासणी असायची.

मग साथ आली. बाहेर नवा रोग, आणि आत माझी फौज गोळीने निजवलेली. परगावच्या मुलाने फोनवर दम भरला, "आई, दाराची कडी काढायची नाही. सख्खा भाऊ आला तरी नाही." मी म्हटलं, "भाऊ वर जाऊन बारा वर्षं झाली, तो आला तर मीच उघडणार नाही." तो हसला नाही. रस्ते बंद होते, त्याला येता येत नव्हतं. त्याचाही जीव टांगणीला.

तर मी आणि चार भिंती. बोलायला कोण? पहिले काही दिवस मी भांड्यांशी बोलले. कपबशीशी माझं पटेना.

आणि एक विचारते तुम्हाला, वार कशावरून कळतो? तुम्हाला कॅलेंडर आहे. मला समोरच्या शाळेची घंटा होती; ती वाजली नाही की रविवार. बुधवारी पिशवीत फाइल घालून बस धरायची. घंटा थांबली, बस थांबली, आणि सगळे दिवस एकाच तोंडवळ्याचे झाले. सकाळी उठून मी अंदाज बांधायची, आज बुधवार असेल बहुतेक. चुकवण्यापेक्षा घेतलेली बरी, म्हणून गोळी घ्यायची.

चार-पाच दिवसांत तोंडात फोड आले. पाणीसुद्धा झोंबायचं. मला वाटलं, साथ आली घरात. कुणाला सांगितलं असतं तर उचलून नेलं असतं, आणि तिथून परत आलेली माणसं तेव्हा माझ्या ऐकिवात नव्हती. मी गप्प बसले.

त्यातच शेजारचे लोक दाराबाहेर जेवणाचा डबा ठेवून जायचे. चांगली माणसं. पण डबा सांडू नये म्हणून झाकण असं घट्ट दाबलेलं, की माझ्या वाकड्या बोटांना हलेना. दाराच्या फटीत धरून पाहिलं, उलथन्याने पाहिलं. दोन दिवस मी भरल्या डब्यासमोर उपाशी बसले होते. वास वाटाण्याचा होता. आत काय होतं, ते मला आजतागायत माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. बोटाच्या पेराने हिरवं बटण दाबलं.

"आजी, मी सिस्टर. आवाज असा का येतोय?"

"तोंड आलंय."

"पिवळी गोळी कधी घेतलीत?"

"बुधवारी."

"कुठल्या बुधवारी?"

"ह्याच आठवड्यातल्या तिन्ही बुधवारी."

मग बाई एवढंच म्हणाल्या, "आजी, आज शुक्रवार आहे. गोळ्यांना हात लावू नका. मी निघाले."

त्यांची नेमणूक तेव्हा साथीच्या वॉर्डात होती. जेवणाच्या सुट्टीत त्या आमची वही काढून एकेका पेशंटला फोन करत होत्या, हे मला फार नंतर कळलं. तासाभरात दारात नखशिखान्त पांढरी आकृती. मी विचारलं, "यमाने कपडे बदलले काय?" आतून हुंदका आला की हसू, मुखवट्यामुळे कळलं नाही. बाईंनी रक्त घेतलं, डॉक्टरसाहेबांना फोन लावला, उतारा म्हणून दुसरी औषधं दिली. जाताजाता टेबलावरचा डबा दिसला. नवीन डबा आला होता त्या दिवशी. त्यांनी झाकण उघडलं आणि दार ओढून गेल्या. त्या झाकणाचा आवाज माझ्या कानात अजून आहे.

त्यानंतर दर बुधवारी सकाळी फोन. "आजी, आज बुधवार." मी म्हणायची, "अगं बाई, बुधवार का? बरं झालं सांगितलंत." एवढंच. साथ सरली, तरी फोन चालू राहिला.

आता लबाडी. सिस्टरबाई, शाळा केव्हाच सुरू झाली. घंटा वाजते. मला वार कळतो, गेली कित्येक वर्षं कळतो. मंगळवारी मी उद्याच्या फोनची वाट बघत असते. तरी दर खेपेला "अगं बाई, बुधवार का?" म्हणत आले, कारण कळतं म्हटलं असतं तर तुम्ही फोन कशाला केला असता? बुधवारी मला दुसरं कुणी हाक मारत नाही.

आज तुमची नोकरी संपली. उद्या मंगळवार. परवा काय, ते मला विचारायचं होतं, पण तोंडावर विचारायची छाती झाली नाही, म्हणून सभेसमोर विचारते.

आयोजकांचे, जिना चढलेल्यांचे आणि ताईंच्या घशाचे आभार. म्हातारीची जीभ सैल, सांधे घट्ट; उणंअधिक बोलले असेन तर पदरात घ्या.

आणि हो, मी घरी नाही. खाली नोंदणीच्या खिडकीसमोर आमच्या बुधवारच्या बाकावर बसले आहे. टाळ्या इथवर ऐकू येतात. केक कापलात की माझा तुकडा डब्यात घालून खाली पाठवा. मऊ, मधला भाग. झाकण चांगलं दाबून लावा, माझ्याने उघडणार नाही असं. आणि डबा सिस्टरबाईंच्याच हाती द्या.