लाल बटण ज्याने दाबलं त्यानेच सोडायचं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कारखान्याचे व्यवस्थापक साहेब, मंचावरचे मान्यवर पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते टूलरूमचे प्रमुख, म्हणजे आपले भाऊ, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या वहिनी, आणि पहिली पाळी संपवून हात धुऊन थेट इथे आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी विद्युत देखभाल विभागातली. काही बिघडलं की बोलावणं येतं, मी जाते, दुरुस्त करते आणि कोणाशी फारसं न बोलता परत येते. साहेब म्हणाले, ‘चार शब्द बोला.’ ते चार तर नावं घेण्यातच संपले. तेव्हा आता जे होईल ते गोड मानून घ्या.

मंचाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर चादरीखाली काय झाकलंय, याची पुढच्या रांगेत मघापासून कुजबुज चालली आहे. भाऊंनी चादर ओळखली आहे. त्यांच्याच घरची आहे ती. हॉलमध्ये शिरताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यानंतर माझ्याकडे पाहायचंच सोडून दिलंय. रागावले आहेत. रागावू देत.

भाऊंच्या हाताखाली शिकलेले इथे निम्म्याहून जास्त असतील. पहिला धडा काय होता, आठवतो ना? मशीन चालू करणं नव्हे. मशीन बंद करणं. नवा माणूस आला की भाऊ त्याला लाल बटणासमोर उभं करायचे आणि डोळे मिटून ते दाबायला लावायचे. माणूस कंटाळून विचारायचा, “भाऊ, चालू कधी करायचं?” उत्तर ठरलेलं. “थांबवता येऊ दे आधी.” आणि दुसरा नियम असा, की लाल बटण ज्याने दाबलं त्यानेच सोडायचं. ते दाबलं की अडकून बसतं, फिरवल्याशिवाय सुटत नाही. दुसऱ्या कोणी त्याला हात लावायचा नाही. का दाबलं ते दाबणाऱ्यालाच ठाऊक असतं, असं भाऊंचं म्हणणं.

आता कागदाबद्दल सांगते, कारण पाहुण्यांना ते माहीत नसेल. कटर खाली आणताना तो जॉबला, म्हणजे कापायच्या तुकड्याला, नेमका कुठे टेकतो, हे भाऊ कागदाच्या तुकड्याने बघायचे. कटर आणि जॉब यांच्यामध्ये कागद धरायचा, हळूहळू पुढेमागे सरकवायचा, आणि कटर अगदी हलके हलके खाली आणायचा. कागद अडला की तिथे शून्य धरायचं, पुढचं सगळं माप तिथून मोजायचं. आमच्याकडे यासाठी चांगली यंत्रं आहेत. भाऊ ती वापरायचे, आणि मग एकदा कागदाने खात्री करायचे.

एक दिवस मी तिथेच होते, मोटर बघायला आले होते. भाऊंनी कागद धरला. कागद फडफडत होता. त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं आणि जाऊन पंखा बंद केला. पाती थांबेपर्यंत उभे राहिले. मग पुन्हा कागद धरला. तो तसाच फडफडत होता.

भाऊंनी कटर वर घेतला, मशीन पुसलं, कागद घडी करून खिशात ठेवला आणि साहेबांच्या खोलीत गेले. पुढचं मला साहेबांनी सांगितलं, ते मी सांगते. भाऊ म्हणाले, “साहेब, उद्यापासून मला मशीनवर ठेवू नका. कोणाचं बोट जायच्या आधी सांगतोय.” साहेबांनी रजा देऊ केली, खुर्चीतलं काम देऊ केलं. भाऊंनी ऐकलं नाही. म्हणून आज, निवृत्तीचं वय व्हायच्या आधी, आपण इथे जमलो आहोत. त्यांना कोणी काढलेलं नाही, मित्रहो. कँटीनमध्ये जे बोललं जातं ते आज इथे संपवू या. हाताबद्दल बोलू का, असं मी त्यांना आधी विचारलं होतं. म्हणाले, “हात सगळ्यांना दिसतो, लपवायचं काय त्यात?” चादरीबद्दल मात्र विचारलं नव्हतं.

भाऊंनी घराच्या मागच्या खोलीत एक छोटं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने कापणारं, मशीन स्वतः बनवलंय. टेबलावर मावेल एवढं. लाकूड कापतं, पातळ ॲल्युमिनियम कापतं. ते एका जुन्या कॉम्प्युटरवर चालायचं आणि त्याच्या कीबोर्डमध्ये इतका भुसा गेला होता की निम्मी बटणं दाबली जायची नाहीत. त्यांना हवा होता एक आटोपशीर कंट्रोलर. हातात मावेल असा डबा, वर टचस्क्रीन. काच पुसली की झालं. फावल्या वेळात आम्ही दोघं मिळून तो बनवत होतो. भांडण एकच झालं. मी म्हणत होते, लाल बटणही काचेवरच घेऊ, डबा सुबक दिसेल. भाऊ म्हणाले, “घाबरलेला माणूस बोटाने नेम धरत नाही, बाई. तळहात मारतो.” डब्याच्या कडेला खरंखुरं लाल बटण बसलं. सुबकपणा गेला चुलीत.

कंट्रोलर तयार झाला तो नेमका त्यांनी साहेबांना सांगितल्यानंतर. तोवर काच तपासली जात होती माझ्या बोटाने. त्या दिवशी भाऊंनी स्वतःचं बोट टेकवलं. एकदाच टेकवलं. बोट थरथरलं, आणि काचेला वाटलं तीनदा टेकवलं. कटर तीन पायऱ्या खाली गेला, लाकडातून आरपार, खालच्या टेबलात घुसला. भाऊंचा तळहात लाल बटणावर पडला, मशीन थांबलं. मला म्हणाले, “छान बनवलंयस. माझ्यासाठी नाही बनलं.” मग आतून ही चादर आणली आणि मशीन झाकून टाकलं. बटण तसंच दाबलेलं राहिलं.

त्यानंतर ते त्या खोलीत गेले नाहीत. वहिनींचा मला फोन आला. “ताई, हे दिवसभर खुर्चीत बसून असतात. वर्तमानपत्र हातात असतं, पण पान उलटत नाहीत. असं किती दिवस बघू मी?” भाऊ संध्याकाळी फिरायला गेले की मी त्यांच्या घरी जायला लागले. चोरून. कंट्रोलर पुन्हा उघडला. बोट टेकल्यावर नव्हे, क्षणभर टेकून उचलल्यावरच काचेवरचं बटण लागावं अशी व्यवस्था केली. बटणं मोठी केली. पण तपासायचं कसं? माझा हात तर थरथरत नाही. मग मी बोट टेकवायचं आणि वहिनींनी माझा कोपर धरून हलवायचा. मी म्हणायची, “जोरात हलवा.” त्या म्हणायच्या, “अहो, लागेल तुम्हाला.” आणि मध्येच त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, तेव्हा आम्ही थोडा वेळ थांबायचो.

कंट्रोलरच्या खालच्या कडेला एक लाकडी पट्टी दिसेल तुम्हाला. ती वहिनींची कल्पना. म्हणाल्या, “सुई काय हवेत हात धरून ओवतात का? मनगट टेकवायला काही नको?” एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

मोटरी मात्र आम्ही एकदाही चालवल्या नाहीत. लाल बटण दाबलेलं होतं, आणि ते दाबलं होतं भाऊंनी. म्हणजे काच ठीक चालते एवढंच मी खात्रीने सांगू शकते. भाऊंच्या बोटाला ती जुमानेल का, मला माहीत नाही. हात यामुळे बरा होणार नाही. मी दुरुस्ती करणारी बाई आहे, खोटा भरवसा देत नाही. उद्या हात आणखी थरथरला, तर मी बटणं आणखी मोठी करीन. तेही पुरेना, तर दुसरं काही शोधू. पण भाऊ, तुम्ही त्या खुर्चीत बसून राहिलेलं मला बघवत नाही.

साहेबांनी हे मशीन इथवर आणायला गाडी दिली, टूलरूमच्या मंडळींनी ते जपून उचलून आणलं, आणि तुम्ही सर्वांनी इतक्या शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे. नको ते बोलले असेन, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर माझ्या अडाणी जिभेला दोष द्या आणि मला माफ करा. माझं बोलणं इथे संपलं.

आता चादर काढते. वीज जोडलेली आहे, लाकडाचा तुकडा बांधलेला आहे, कंट्रोलरचं झाकण परत बसवलेलं आहे. भाऊ, बटण तुम्ही दाबलंय. दुसऱ्या कोणी सोडायचं नाही, हा तुमचाच नियम.

वहिनी, त्यांना धरू नका. उठले आहेत, येतील.

काय म्हणालात, भाऊ? मागे ऐकू गेलं नसेल, मी माईकवर सांगते. भाऊ म्हणताहेत, पंखे बंद करा. आणि वहिनींना म्हणताहेत, कागद तू धर.