सायकल-रॅकच्या सुटलेल्या पट्ट्याबाबत

जबाब देणारीचे नाव सहीप्रमाणे. वय सत्तेचाळीस. धंदा दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबर देणे. राहणार बहिणीच्या घराच्या मागच्या गल्लीत, भाड्याच्या दोन खोल्यांत.

मी आपण होऊन पोलीस ठाण्यात हजर राहून समक्ष सांगते की, मला कोणी बोलावलेले नाही. काल अपघाताच्या जागी माझा जबाब घेतला गेला नाही, कारण मी गाडीत झोपले होते असे वाहनमालकांनी सांगितले. मी झोपले नव्हते. वाहनमालक बोलू लागले की मी डोळे मिटून घेते. त्याला ते झोप समजतात.

वाहनमालक माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान आहेत. मी त्यांना भाऊजी म्हणते आणि बहिणीला ताई. भाऊजी एका कारखान्यात तयार माल तपासण्याच्या विभागाचे प्रमुख होते. दुसऱ्याच्या कामात खोट काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतः कामे करायला सुरुवात केली.

यापुढे मी भाऊजींबद्दल माझे मत सांगू लागले असता, जबाब घेणारे हवालदार म्हणाले, "बाई, मत नको. घडलं ते सांगा." त्यावरून मी मत सोडून देते आणि घडले ते सांगते.

ताईच्या घरात भाऊजींची चूक भाऊजींना सांगत नाहीत. ती त्यांच्या मागे दुरुस्त करतात. त्यांनी स्वयंपाकघरात फळी ठोकली, ती उतरती झाली. त्यांनी नळ बदलला, तेव्हापासून गरम पाण्याच्या तोटीला गार पाणी येऊ लागले. भाऊजी रोज सकाळी फिरायला जातात. तेवढ्या वेळात हत्यारांची पिशवी घेऊन एक माणूस येतो आणि सगळे सरळ करून जातो. त्याचे खरे नाव मला माहीत नाही. घरात त्याला सकाळवाला म्हणतात. तो आला की ताई आधी दार लावून घेते, म्हणजे शेजारी ऐकू जाऊ नये. भाऊजी फिरून आल्यावर फळीवरून हात फिरवतात आणि म्हणतात, "बघ, माझं काम कसं टिकतं." ताई म्हणते, "हो ना." असे माझ्या डोळ्यांदेखत पुष्कळ वेळा झाले आहे.

भाऊजींनी गेल्या हिवाळ्यात एक कॅम्पर ट्रेलर घेतला. म्हणजे गाडीमागे ओढून न्यायची, आत झोपायची सोय असलेली खोली. त्यावर सायकली नेण्यासाठी लोखंडी रॅक आणला. सायकली दोन, दोन्ही बॅटरीच्या. एक भाऊजींची. दुसरी त्यांनी ताईसाठी घेतली. ताईला सायकल येत नाही. हे तिने दुकानात सांगितले नाही, कारण भाऊजी तेव्हा दुकानदाराला त्याच्याच सायकलींची माहिती देत होते.

रॅकसोबत एक कागद होता. तो मी वाचला. वाचण्यासारखे त्यात फारसे नव्हते, चित्रेच होती. रॅक ट्रेलरच्या पुढच्या बाजूला, जिथे तो गाडीला जोडतात त्या त्रिकोणी सांगाड्यावर बसवायचा, असे एका चित्रात होते. दुसऱ्या चित्रात रॅक मागच्या बंपरला लावलेला होता आणि त्यावर मोठी लाल फुली होती. बंपर म्हणजे आतून पोकळ अशी चौकोनी नळी, दोन टोकांना वेल्डिंगचा डाग देऊन चिकटवलेली. मी म्हणाले, "भाऊजी, यात मागे लावू नका असं दाखवलंय." ते म्हणाले, "मेहुणीबाई, ते सामान्य माणसांसाठी असतं."

भाऊजींनी रॅक मागच्या बंपरला लावला. कारण असे की, पुढे लावला तर सायकलींच्या हँडलमुळे गाडीच्या डिकीचे दार पूर्ण उघडत नव्हते, आणि डिकीत त्यांची थंड पेटी असते. थंड पेटीत त्यांचा सोडा असतो. वाटेत सोडा काढायला अडचण नको म्हणून दोन जड सायकली पोकळ नळीवर गेल्या. हे माझे मत नाही. हे त्यांनी मला अभिमानाने सांगितले आहे.

नट सैल होऊ नयेत म्हणून त्यांनी आटे चिकटवायचा गोंद ओतला, तोही कागदात नव्हता. मग लक्षात आले की ट्रेलरचे मागचे दिवे आणि नंबर सायकलींमागे झाकले गेले. यावर उपाय म्हणून त्यांनी ताईची लाल ओढणी आणून रॅकला टांगली. म्हणाले, "लाल म्हणजे लाल." ओढणी ताईच्या आवडीची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळवाला आला. त्याने बंपर हाताने हलवून पाहिला, गोंद नखाने खरवडून पाहिला आणि उभा राहिला. ताई म्हणाली, "पुढे बसवून द्या ना. ते यायच्या आत." तो म्हणाला, "ताई, हे निघत नाही. कापायला लागेल. आणि कापलं तर साहेबांना दिसणार." ताई म्हणाली, "मग दुसरं काहीतरी करा." तो म्हणाला, "दुसरं काही नाही. हे मागाहून होण्यासारखं काम नाही. साहेबांना सांगा." ताई म्हणाली, "ते नको." मग त्याने आपल्याकडचा एक रुंद निळा पट्टा काढला, त्या पट्ट्याने रॅक ट्रेलरच्या मूळ सांगाड्याला आवळून बांधला आणि म्हणाला, "हा असेपर्यंत रॅक खाली पडणार नाही. पण हळू जा आणि हा काढू नका." हे ऐकायला मी आणि ताई दोघी होतो. दार लावलेले होते.

काल आम्ही तिघे निघालो. भाऊजी गाडी चालवत होते, ताई त्यांच्या शेजारी, मी मागे. शहराबाहेर पडल्यावर ट्रेलर डावीउजवीकडे झोके घेऊ लागला. ताईने दाराची मूठ धरली. भाऊजी म्हणाले, "वारा आहे." रस्त्याकडेच्या झाडाचे एक पानही हलत नव्हते. त्यांनी वेग वाढवला, कारण वेगाने वारा कापला जातो असे ते म्हणाले.

आम्ही एका पेट्रोल पंपावर थांबलो. ताई स्वच्छतागृहाकडे गेली. मी मागच्या सीटवर डोळे मिटून होते. भाऊजी ट्रेलरच्या मागे गेले. ते परत येताना मी डोळे उघडून पाहिले, तेव्हा त्यांच्या हातात निळा पट्टा होता. पट्टा सोडताना मी त्यांना पाहिले नाही. तो हातात घेऊन येताना पाहिले. हे दोन्ही मी वेगवेगळे सांगते आहे, तसेच लिहावे.

त्यांच्या मागोमाग एक ट्रक ड्रायव्हर आला. भाऊजींनी डिकी उघडली होती, म्हणजे दोघे माझ्या डोक्यामागे उभे होते. पुढील बोलणे मी स्वतः ऐकले.

ड्रायव्हर म्हणाला, "काका, तो पट्टा का काढला? तुमच्या बंपरचा डाग फाटलाय. बोट जातंय आत."

भाऊजी म्हणाले, "हा पट्टा माझ्या कामाला टेकू म्हणून कोणीतरी लावलाय. माझ्या कामाला टेकू लागत नाही."

"लागतो की. तुटतंय ते. सायकली काढा आणि आत झोपवा."

"तू किती वर्षं माल तपासलास?"

ड्रायव्हर म्हणाला, "काका, मी माल पोचवतो. पडलेला माल बघितलाय." आणि तो गेला.

भाऊजींनी थंड पेटी उघडली. बाटल्यांचा आवाज झाला. पट्टा त्यांनी तिच्यात ठेवला आणि एक सोडा काढला. गाडी सध्या ठाण्याच्या आवारात उभी आहे. पट्टा थंड पेटीत, बाटल्यांखाली, अजून असेल. भाऊजी वस्तू फेकत नाहीत.

ताई ओल्या हातांनी परत आली. ती मागे गेली नाही. तिला पट्टा काढल्याचे माहीत नव्हते. मला माहीत होते. मी सांगितले नाही, कारण त्या घरात मीही इतकी वर्षे जाते-येते.

पुढे रस्त्यावर एक उंचवटा लागला. भाऊजींनी वेग कमी केला नाही. मागे मोठा आवाज झाला. बंपर, रॅक आणि सायकली एकत्र रस्त्यावर पडल्या. मागून एक बाई स्कूटरवर येत होत्या. त्या बेकरीतून दुकानांना पाव पोचवतात, असे नंतर समजले. त्या सायकलींवर आदळल्या. पाव रस्त्यावर दूरपर्यंत गेले. ताई गाडी पूर्ण थांबायच्या आत उतरली आणि बाईंजवळ बसली. तिने त्यांचे डोके मांडीवर घेतले आणि बोलत राहिली. काय बोलत होती ते मी ऐकले नाही. मी फोन करत होते.

भाऊजींनी आधी आपली सायकल उभी केली आणि घंटी वाजवून पाहिली. घंटी वाजली.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर आणि पोलीस यायच्या आधी भाऊजी ताईला म्हणाले, "तू पट्टा काढलास म्हणून सांग. सायकल उतरवायला गेलीस आणि परत बांधायला विसरलीस. माझ्या नावावर आलं तर लायसन्स जाईल. तुझ्याकडे लायसन्सच नाही, तुझं काय जाणार आहे?"

ताई म्हणाली, "बरं."

तिच्या हाताला तेव्हा बाईंचे रक्त लागलेले होते. तसाच जबाब तिने दिला आणि सही केली. बाईंचा पाय आणि गळपट्टीचे हाड मोडले आहे. हवालदारांनी आज मला सांगितले की, ताईचा जबाब तसाच राहिला तर गुन्हा ताईवर दाखल होईल.

आज येथे येण्यापूर्वी मी ताईला फोन करून विचारले, "तू खोटं का सांगितलंस?" ती म्हणाली, "जाऊ दे ग छोटे. बघू मागाहून." मी म्हणाले, "मागाहून काय बघणार? इथे कोणता सकाळवाला आणशील?" ती म्हणाली, "त्यांना नाही ग सहन व्हायचं." मी विचारले, "आणि तुला?" तिने फोन ठेवला.

तरी माझे म्हणणे असे की, निळा पट्टा ताईने काढलेला नाही, तो भाऊजींनी काढला. रॅक चुकीच्या जागी आहे हे त्यांना मी सांगितले होते. बंपर तुटतो आहे हे त्यांना ट्रक ड्रायव्हरने सांगितले होते. त्यांना कोणी काही सांगितले नाही, असे त्यांच्या जबाबात लिहिले असल्यास ते खोटे आहे. आयुष्यात त्यांना या दोनच वेळा सांगितले गेले असेल. पण सांगितले गेले आहे. सकाळवाला आणि पेट्रोल पंपावरचा कॅमेरा, दोन्हीकडे चौकशी व्हावी. थंड पेटी उघडावी.

वर लिहिले ते माझेच बोलणे आहे. हवालदारांनी ते मला वाचून दाखवायला घेतले तेव्हा मी दोन गोष्टी मागितल्या. वाचताना खोलीचे दार उघडे असावे, आणि आवाज मोठा असावा. हवालदार म्हणाले, "बाहेर ते दोघं येऊन बसलेत. त्यांना ऐकू जाईल." मी म्हणाले, "हो." हा आणि पुढील मजकूर वाचन झाल्यावर माझ्या सांगण्यावरून जोडला आहे.

जबाब सुरुवातीपासून वाचला गेला. फळीच्या ओळीपाशी बाहेरून भाऊजींचा आवाज आला, "कोणती फळी?" हवालदार पुढे वाचत राहिले. नळाच्या ओळीनंतर ते ताईला म्हणाले, "दार लाव ते." सकाळवाल्याच्या ओळींनंतर पुन्हा म्हणाले, "अग, दार लाव म्हणतोय ना." बाकावर दाराच्या बाजूला ताई बसलेली आहे. दार तिच्या हाताशी आहे. तिचा हात मला माझ्या खुर्चीवरून दिसत होता. तो मांडीवरच होता.

शेवटच्या ओळीपर्यंत वाचन झाले. दार उघडेच होते. मी ऐकले, बाहेर ज्यांनी ऐकायला हवे त्यांनीही ऐकले. जबाब बरोबर आहे.

सही